झिलाची हिरवी कड

सुरुवातीला झिला एन्टविसलला वाटलं, चष्म्यावर पीठ बसलंय.

तसं वाटायला कारण होतं. एप्रिल जवळ आला की तिच्या मागच्या अंगणातल्या काचेच्या पेट्यांत सगळीकडे पीठ असे. ऑरिक्युला नावाच्या फुलझाडाच्या पानांवर, देठांवर, कळ्यांवर. हे दळणाचं पीठ नव्हे. रोपच ते आपल्या अंगातून काढतं. बारीक, पांढरं, कुणीतरी चाळणी झटकल्यासारखं. कुंडी उचलताना श्वास जोरात सुटला तरी उडतं, आणि उडालं की पुन्हा येत नाही.

तिने चष्मा एप्रनला पुसला. परत घातला. पीठ तिथेच होतं. समोर ईनॉक क्लेग उभा होता आणि ईनॉकला तोंड नव्हतं.

टोपी होती. कान होते, मोठे आणि लाल. खाली मफलर होता. मधे जिथे तोंड असायचं तिथे धुकं होतं.

"तू काही बोलतोयस का रे?" तिने विचारलं.

"केव्हाचा!" ईनॉक ओरडला. "दोनदा सांगून झालं. पेटीचं झाकण उघडं टाकलंयस. धुराड्याची काजळी पडतेय आत."

दोनदा सांगितलं ते त्याने ओठांनी सांगितलं होतं. आवाज न काढता. लँकशायरच्या त्या डोंगराळ गावात निम्मे लोक तसंच बोलत. गिरणीत मागांच्या खात्यात आवाजाला किंमत नव्हती. कोवळ्या वयात खात्यात शिरलेली पोर आधी ओठ वाचायला शिके, मग धोटा भरायला. तोंड मोठं करायचं, शब्दाला आकार द्यायचा, आवाज पोटात ठेवायचा. ती सवय मग घरी येई, रस्त्यावर येई, चर्चच्या बाकांवरही येई. दोन बायका रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून मधून चाललेल्या तिसरीची खुशाल उणीदुणी काढत, आणि तिसरीला पत्ता नसे.

ईनॉक जॉबर होता. माग दुरुस्त करता करता त्याचे कान गेले. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. त्या गावात बहिऱ्याचं काही अडत नसे.

अडायला लागलं ते झिलाचं.

मँचेस्टरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं, दिवा लावला, विझवला, आणि सांगितलं की मधलं जात राहील. कडेचं टिकेल, पण तेही काही दिवस. चष्मा बदलून उपयोग नाही. औषध नाही. तो तरुण होता आणि त्याला वाईट वाटत होतं. त्याला बरं वाटावं म्हणून झिला म्हणाली, "असू दे हो. बघण्यासारखं बरंचसं बघून झालंय."

हे खरं नव्हतं. एक गोष्ट बघायची राहिली होती.

*

झिलाच्या घरात ऑरिक्युला तिच्या आधीपासून होती. बापाची. त्याच्या आधी आजोबाची. आजोबा घरातच हातमागावर विणायचा आणि विणता विणता खिडकीतल्या कुंड्यांवर नजर ठेवायचा. ह्या रोपाला तसाच माणूस लागतो, दिवसभर जवळ असणारा. ऊन चढलं की सावलीत न्यायचं, पाऊस दिसला की झाकायचं. वर्षातले दोन आठवडे ते फुलतं. बाकी वर्षभर एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखं बसून असतं.

ती पाच वर्षांची असताना, फुलांच्या प्रदर्शनाच्या सकाळी, तिने टेबलावरच्या फुलाला बोट लावलं होतं. फुलाच्या मधलं पांढरं वर्तुळ तिला साखरेचं वाटलं. बापाने मारलं नाही. ओरडलाही नाही. खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि म्हणाला, "बघ."

पांढऱ्या वर्तुळात तिच्या बोटाचा ठसा होता.

"हे आता कुणालाच पूर्ण दिसणार नाही," तो म्हणाला. "तुलासुद्धा नाही."

त्या वर्षी तो प्रदर्शनाला गेलाच नाही. कुंडी टेबलावरच राहिली. फूल वाळेपर्यंत झिला त्या ठशासमोर बसून जेवली.

त्यानंतर तिने फुलाला कधी हात लावला नाही. पाकळ्या सपाट करायला हाडाचा चिमटा होता. परागासाठी उंटाच्या केसांचा ब्रश होता. पाकळीखाली सरकवायला कापूस होता. बोट नाही. आणि हे एकट्या तिचंच नव्हतं. गावातल्या ऑरिक्युलावाल्यांच्या मंडळात कुणीच लावत नसे. बापांनी पोरांना शिकवलं, पोरांनी आपल्या पोरांना, आणि अशा दीडदोनशे वर्षांत त्या गावात फुलाला बोट लागलं ते फक्त चुकून.

तिचा नवरा हॅरल्ड लग्नानंतर म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्यांना जास्त जपतेस." झिला म्हणायची, "तू कुठे पीठ लावून बसतोस?" हॅरल्ड गेल्यावर तिने त्याच्या कबुतरांच्या खुराड्याच्या जागी आणखी दोन पेट्या मांडल्या. मूल नव्हतं. त्याबद्दल ती बोलत नसे.

बापाने हिरव्या कडेचं फूल पैदा करायचा आयुष्यभर प्रयत्न केला होता. मधे सोनेरी नळी, भोवती पिठाचं पांढरं वर्तुळ, भोवती काळा पट्टा, आणि त्याच्या बाहेर हिरवी कड. सगळं गोल, सगळं सपाट. पांढरं तितकंच, काळं तितकंच, हिरवं तितकंच. असं फूल कुणाच्या हाताला सहजी लागत नाही. बापाच्या हाताला लागलं नाही. मग झिलाने सुरुवात केली. ब्रशने पराग लावायचा, बी धरायचं, पेरायचं, आणि फुलायची वाट बघत तीन-चार वर्षं काढायची. मग फुललं की बघायचं, मान हलवायची आणि उकिरड्यावर टाकायचं. तिचा उकिरडा गावात सर्वांत सुंदर होता, असं ईनॉकची बायको हेस्टर म्हणायची.

डॉक्टरकडे जाऊन आली त्याच वर्षी, ऑक्टोबरात, तिने बियांपासून वाढवलेल्या एका रोपाला अवेळी एकच फूल आलं.

झिला वाकली. सरळ बघितलं तर फूल नाहीसं होई. मान जरा वळवली, भिंतीकडे बघितल्यासारखं केलं, की ते नजरेच्या कोपऱ्यातून हळूच आत येई. लाजऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघावं लागत होतं. तिला हिरवी कड दिसली. पूर्ण गोल, कुठे न तुटलेली. पाण्यावर तरंगणाऱ्या अंगठीसारखी. आत काय होतं ते दिसेना. आत धुकं होतं.

तिने ईनॉकला बोलावलं. तो मंडळाचा सेक्रेटरी होता आणि फुलाबाबत आईलाही सोडणारा नव्हता. तो गुडघ्यांवर बसला. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "हं."

झिला उभीच राहिली. ईनॉकचं "हं" तिने ह्याआधी एकदाच ऐकलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या फुलाला होतं.

"नाव काय ठेवणार?" ईनॉकने विचारलं.

"आधी नीट बघू तर दे. एप्रिलात पूर्ण झुपका येईल. बघते, मग ठेवते."

मंडळाचा रिवाजच तसा होता. ज्याने बी धरलं त्याने पूर्ण झुपका स्वतः बघायचा, मगच नाव. ईनॉकने तिच्या चष्म्याकडे बघितलं आणि टोपी सारखी केली.

"एप्रिल काही लांब नाही," तो ओरडला. नेहमीपेक्षा जरा हळू.

*

त्या हिवाळ्यात झिला स्वप्नात राहिली म्हटलं तरी चालेल. बाहेर धुकं असे, आत धुकं असे, आणि कुठलं कुठलं ते तिला कळेनासं झालं. रस्त्यावरून माणसं येत ती डोक्याशिवाय येत. घड्याळाला काटे नव्हते, फक्त आकडे होते, गोल फिरत बसलेले. चहाच्या कपाला तळ नव्हता. तिला भीती वाटली नाही. जग हळूहळू आपापली कड तेवढी ठेवून निघून चाललं होतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत तिला सारखं ते फूल दिसायचं. कधी त्याचं मधलं वर्तुळ चंद्राएवढं मोठं. कधी नळीत दिवा लावलेला. एकदा त्यात बाप बसलेला दिसला, पाठमोरा, विणत.

"खरं कसं असेल गं ते?" ती हेस्टरला विचारायची.

"मला काय विचारतेस?" हेस्टर म्हणायची. "माझ्या घरात ती पाचशे आहेत आणि मला एकही ओळखू येत नाही. आमच्याकडे आधी कुंड्यांना सावली, मग मला."

"तू बघितलंस ना ते ऑक्टोबरात?"

"बघितलं. हिरवं होतं. फूल हिरवं असलं तर मग पानाने काय करावं, हा माझा प्रश्न."

मार्चमध्ये कळ्या वर आल्या. पानांच्या मधोमध, मुठीत धरल्यासारखा एक झुपका. झिला रोज सकाळी कोट चढवून पेटीपाशी जाई आणि भिंतीकडे बघत कळ्या बघे. डोळ्यांतलं धुकं आता कडेपर्यंत सरकलं होतं. ती मनात हिशेब करी. ह्याला उघडायला इतके दिवस, मला मिटायला इतके. शर्यत जमण्यासारखी होती.

मग एका सकाळी पानं मऊ लागली. तिने ईनॉकला बोलावलं. ईनॉकने पानं बाजूला केली, मातीलगत गड्ड्याच्या मानेवर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला.

"कूज," तो म्हणाला.

झिलाने स्वतःचा अंगठा तिथे दाबून बघितला.

"मानेलाच आहे. खाली गड्डा अजून टणक आहे. आज मुंडकं उडवलंस तर खालून पिल्लं फुटतील. चार दिवस थांबलीस तर कूज खाली उतरेल. मग काही नाही."

"कळ्या आहेत त्याला, ईनॉक."

"दिसतायत मला."

"तीन आठवडे. तीन आठवडे दे मला. झुपका उघडेल, मी बघेन, मग जाऊ दे मेलं ते."

ती हे ओठांनी बोलली होती, आवाज न काढता, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ईनॉकने सगळं वाचलं.

"रोप तुझं आहे," तो म्हणाला. "असं दुसरं कुठेही नाही. पिल्लू नाही, काही नाही. हे एवढंच. मला विचारलंस तर मी सांगेन काप. पण विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. तो गेल्यावर ती बराच वेळ पेटीच्या काठावर बसली. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. बायका बोलत घरी गेल्या, त्यांच्या लाकडी तळाच्या बुटांचा आवाज फरशीवर पसरला आणि विरला. आपण बघायचं आणि ते संपवायचं, की आपण बघायचं नाही आणि ते राहायचं. ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तर इतका वेळ लागत होता.

मग ती आत गेली आणि बटाट्याची सुरी घेऊन आली. कापायचं ते तिने डोळ्यांनी नाही, अंगठ्याने ठरवलं. जिथे मऊ संपतं आणि टणक लागतं तिथे. सुरी एकदाच फिरवली. उरलेल्या गड्ड्यावर कोळशाची पूड दाबली. मुंडकं हातात आलं, पानं आणि कळ्यांसकट. एखाद्या पाखरासारखं हलकं होतं.

कळ्यांचा देठ तिने अंड्याच्या कपात पाणी घालून खिडकीत ठेवला. हेस्टरने सुचवलं होतं, "आमच्या डॅफोडिलचं उघडतं की पाण्यात." झिलाला माहीत होतं की हे उघडणार नाही. तरी तिने ठेवलं. आठवडाभर ती भिंतीकडे बघत त्याच्याकडे बघत राहिली. कळ्या हिरव्याच सुकल्या.

मे महिन्यात गड्ड्याला तीन पिल्लं फुटली. जोंधळ्याच्या दाण्याएवढी. ईनॉकने भिंग लावून बघितलं आणि तिला सांगितलं. तिने मान हलवली. तोपर्यंत तिला भिंतही दिसेनाशी झाली होती.

*

एक पिल्लू कुजलं. एक तसंच बसून राहिलं. तिसरं ईनॉकने आपल्या पेटीत नेलं, कारण झिला आता अंदाजाने पाणी घाले आणि ते रोपाच्या डोक्यावर पडे. ती कुरकुरली नाही. दर गुरुवारी ती भिंत धरत ईनॉकच्या अंगणात जाई आणि विचारी, "आमचं पोर काय म्हणतंय?"

त्यांचं छान जमायचं. ती ओठांनी बोले, तो वाचे. तो ओरडे, ती ऐके. त्यातला एक शब्दही वाया जात नसे. दोघं मिळून एक धड माणूस होतो, असं हेस्टर सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती. "पण त्या एका माणसालाही स्वयंपाक येत नाही," हेही सांगायची.

एक वसंत नुसता पानांवर गेला. दुसऱ्या वसंतात ईनॉक गुरुवारची वाट न बघता आला.

"कळ्या," तो दारातूनच ओरडला. "दणदणीत झुपका आहे."

"किती?"

"मोजू नये. नजर लागते."

"जॉबर तो जॉबरच," झिला म्हणाली. "शिकलासवरलास पण अक्कल खात्यातच राहिली." आणि ती कोट चाचपायला उठली.

प्रदर्शन एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, चर्चच्या शाळेच्या हॉलमध्ये. काळं कापड चढवलेल्या पायऱ्या, त्यांवर कुंड्या. पहिल्या नंबराला बक्षीस तांब्याची किटली, जुनी चाल. ईनॉकने कुंडी लाकडी पेटीत घालून, पेटी मांडीवर धरून बसने नेली. कंडक्टरने विचारलं, "आत काय, बाळ आहे का?" ईनॉकला ऐकू आलं नाही. शेजारून झिला म्हणाली, "हो. जोरात बोलू नका."

रोपाला नाव नव्हतं. चिठ्ठीवर ईनॉकने लिहिलं होतं, "एन्टविसलचं हिरवं." परीक्षक शेजारच्या यॉर्कशायरचा होता आणि लँकशायरचं त्यांच्याशी पिढ्यांचं वाकडं, त्यामुळे निकालाबद्दल आधीपासूनच कुरबुर होती. सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं गेलं. अंगणात माणसं सिगरेटी ओढत उभी राहिली. मग दार उघडलं.

ईनॉक आत गेला आणि परत आला.

"दुसरा," तो झिलाजवळ येऊन ओरडला. सगळ्या अंगणाला कळलं. "एका पाकळीत काळं थेट कडेपर्यंत धावलंय. बाकी सगळ्या स्वच्छ. त्याने बरोबर केलं, यॉर्कशायरचा असला तरी. मीही दुसराच दिला असता."

"भलं होवो तुझं," हेस्टर मागून म्हणाली. "काय पण आनंदाची बातमी सांगायची पद्धत."

झिलाला खुर्ची देऊन हॉलच्या एका टोकाला बसवलं. हेस्टरने हातात चहा दिला. माणसं येत होती, तिच्या खांद्यावर हात ठेवत होती.

"अगं काय सुंदर आहे गं!"

"अगदी बशीसारखं सपाट."

"मखमल, मखमल."

"तुझ्या बापाने बघायला हवं होतं."

"मला विचारशील तर," हेस्टर म्हणाली, "डोळे वटारलेल्या कोबीसारखं दिसतंय. पण चांगल्या घरच्या कोबीसारखं."

झिला हसली. सगळ्यांना हो हो म्हणाली. शब्द येत होते आणि धुक्यात शिरून नाहीसे होत होते. सुंदर. मखमल. बशी. हे ती स्वतःच किती जणांच्या फुलांबद्दल बोलली होती. त्यातून काही दिसत नव्हतं. तीन हिवाळे जे फूल तिने मधल्या मोकळ्या जागेत धरून ठेवलं होतं तेही आता डळमळायला लागलं. कधी चंद्राएवढं व्हायचं, कधी नळीत दिवा लागायचा. आणि इथे, वीस पावलांवर, खरं फूल उभं होतं, सगळ्यांना दिसत होतं, नुसतं तिला सोडून.

हेस्टर चहाच्या टेबलाकडे गेली. झिलाभोवतीची माणसं पांगली. तिने कप खुर्चीखाली ठेवला आणि गिरणीतल्यासारखं, आवाज न काढता, स्वतःशीच म्हणाली, "मला काही दिसत नाही रे देवा. काहीच नाही."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बक्षिसाच्या किटलीजवळ उभ्या असलेल्या ईनॉकने ते वाचलं.

मग तो पायऱ्यांकडे गेला. दुसऱ्या नंबरचं निळं कार्ड उचललं. शेजारच्या कुंडीपुढे ठेवलं, ती विल्फ्रेड पिकपची होती, तिसरी आलेली.

"एन्टविसलचं हिरवं बाद!" तो ओरडला. "पिकप दुसरा!"

यॉर्कशायरच्या परीक्षकाच्या हातातलं सँडविच तोंडापाशी थांबलं.

"अरे, काय झालं?" पिकप म्हणाला. "माझं दुसरं नाहीये. मला नको ते."

ईनॉकने त्याच्याकडे बघितलंच नाही, त्यामुळे त्याला ते कळलंही नाही. त्याने कुंडी दोन्ही हातांत घेतली आणि ती घेऊन हॉलच्या मधून चालत आला. प्रदर्शन सुटायच्या आधी कुंडी हललेली त्या हॉलमध्ये कुणी बघितली नव्हती. माणसं वाट सोडत गेली. त्याने कुंडी झिलाच्या मांडीवर ठेवली.

"बाद का केलंस?" झिलाने विचारलं. तिचा आवाज उतरला होता. "एका पाकळीसाठी?"

"पाकळीसाठी नाही. तू त्याला हात लावणार आहेस म्हणून."

तिने दोन्ही हात झटकन मांड्यांखाली दडवले. पाच वर्षांच्या मुलीसारखे.

"नाही."

"झिला."

"नाही म्हणते ना. फुकट जाईल ते. ईनॉक, मी नाही लावणार. बाबांनी..."

"तुझे बाबा नाहीत इथे. सेक्रेटरी मी आहे. बाद झालेल्या फुलाला नियम नसतो."

हे कुठल्याच नियमात नव्हतं. सगळ्यांना ते माहीत होतं.

बराच वेळ गेला. मग एक हात बाहेर आला. ईनॉकने तिचं बोट धरलं नाही, दाखवलं नाही. ते आपलं आपण हवेत चाचपडत गेलं, देठाला लागलं, देठावरून वर सरकलं, आणि एका फुलावर येऊन थांबलं. मधोमध. झिलाने श्वास धरला. सवयीने.

बोटाखाली पीठ होतं. कोरडं, दाट, जवळजवळ कोमट. ते दबलं. ती हळूच बाहेर सरकली. पीठ संपलं, एका रेषेत संपलं, आणि मऊ लागलं. मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखं. ते काळं. तिचं बोट थबकलं. काळं इतकंच होतं, पिठाएवढंच, आणि मग तेही संपलं, आणि गार लागलं. गार, गुळगुळीत, जरा जाडसर. पान. ती कड पानाची होती. रंगाने पानासारखी नव्हे, पानच. पाकळीचं टोक पान होऊन संपत होतं.

तिने बोट उचललं आणि पुन्हा मधे ठेवलं. पीठ. मखमल. पान. पुन्हा. पीठ, मखमल, पान. पांढरं, काळं, हिरवं. कुठे काय संपतं आणि कुठे काय सुरू होतं ते सगळं बोटाखाली होतं, डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं इतकं स्पष्ट. ती गोल फिरली. धुकं नव्हतं. मधेसुद्धा नव्हतं. तिने करंगळीचं टोक नळीच्या तोंडावर ठेवलं आणि आत परागांचा पुंजका लागला, मागावरून कापड उतरवल्यावर ताण्याची टोकं राहतात तसा.

दीडदोनशे वर्षं माणसांनी हे फूल पाहिलं होतं. ते बोटांनाही दिसतं, हे कुणाला माहीत असणार? कुणी हात लावलाच नव्हता.

ती दुसऱ्या फुलावर गेली. तिसऱ्यावर. मग एका पाकळीवर थांबली, मागे आली, पुन्हा गेली.

"हीच ना?" ती मोठ्याने म्हणाली. "हिच्यात काळं धावलंय. मखमल थेट टोकापर्यंत आहे."

यॉर्कशायरचा परीक्षक सँडविच खाली ठेवून पुढे आला. वाकला. झिलाच्या बोटाकडे बघितलं आणि टोपी काढली.

"हीच, बाई," तो म्हणाला.

झुपक्यात आता एकही फूल शाबूत नव्हतं. सगळ्या पांढऱ्या वर्तुळांवर बोटांचे ठसे होते. झिलाच्या नखांत पीठ होतं, नाकावर पीठ होतं. मग पिकपने येऊन निळं कार्ड तिच्या मांडीवर, कुंडीशेजारी ठेवलं, आणि चहाकडे गेला. ईनॉकने कार्ड उचललं, पिकपच्या कुंडीपुढे परत नेऊन ठेवलं. नियम म्हणजे नियम. हेस्टर पाठ करून कप विसळत राहिली. ते कप आधीच विसळलेले होते.

"आता नाव," ईनॉक परत येऊन म्हणाला. खिशातून पेन्सिल काढली. "रिवाज झाला पुरा. बघितलंस ना?"

झिलाने चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेला वर केला. तोंड मोठं केलं, शब्दाला नीट आकार दिला, आणि आवाज पोटातच ठेवला.

बाकीच्यांना ती नुसते ओठ हलवताना दिसली. ईनॉकने मान हलवली. पेन्सिल तशीच हातात राहिली, कारण तिने नाव सांगितलं नव्हतं.

"दिसलं," एवढंच ती म्हणाली होती.